‘पाठलाग’ : देखणा रहस्यपट, सैल गाठ

एन्नोर हे रसिकतेबद्दल नावाजलेले गाव नव्हे. चेन्नईच्या उत्तरेस गुम्मिडिपूंडीकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावरचे हे एक स्थानक. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास कोसस्तलैयार नदीची खाडी, आणि मध्ये कारखाने, कोळशाच्या मालगाड्या व २००१ साली सुरू झालेले बंदर. बदलीच्या हुकमाने जे इकडे येतात, त्यांत मराठी बिऱ्हाडे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. महिन्या-दोन महिन्यांनी कोणाच्या तरी घरी जमावे, पिठले-भात खावा आणि एखादा जुना मराठी बोलपट सर्वांनी मिळून पाहावा, असा परिपाठ आम्ही ठेवला आहे. मुलांच्या कानांवर चांगले मराठी पडावे, हा त्यामागचा सांगण्याजोगा हेतू. आमच्या स्वतःच्या कानांवरही ते पडावे, हा न सांगण्याजोगा.

अशाच एका बैठकीत आम्ही राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ पाहिला. यजमानांच्या शेजारच्या वृद्ध तमिळ बाई भाजीची वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. थोडा वेळ पडद्याकडे पाहून म्हणाल्या, “हा तर आमचा ‘इदय कमलम्’!” त्यांना बसायला खुर्ची दिली. भाषा समजत नसूनही त्या अखेरपर्यंत बसल्या, आणि ऐन मोक्याच्या क्षणी मोडक्या हिंदीत शेवट सांगून त्यांनी मुलांचा विरस केला. जाताना मात्र त्या जे बोलल्या ते आमच्या मनात घर करून राहिले. त्या म्हणाल्या, “शेवटचे ते मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटले नाही. पण ती बाई ‘मीच ती’ म्हणून सांगते ना, तेव्हा मी तेव्हाही रडले होते आणि आजही रडले.”

‘पाठलाग’चे याहून नेमके परीक्षण आमच्या वाचनात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत तो या दोन वाक्यांचा विस्तार. जे पटत नाही ते का पटत नाही, आणि न पटूनही जे रडवते ते कोणत्या बळावर, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न आहे. त्याचा विचार करताना चित्रपटाचे रहस्य फोडावे लागेल. साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटाच्या बाबतीत हा अपराध वाचक पोटात घालतील, अशी आशा आहे.

‘पाठलाग’ १९६४ साली पडद्यावर आला. जयंत देवकर यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. राजा परांजपे हे नाव तोवर मराठी प्रेक्षकांच्या मनात प्रामुख्याने हसऱ्या आणि हळव्या चित्रपटांशी जोडलेले होते. ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ हे १९५२ मधले, ‘ऊन पाऊस’ १९५४ मधला, ‘जगाच्या पाठीवर’ १९६० मधला. मध्यमवर्गीय घराच्या ओसरीवर इतक्या सहजपणे वावरणारा हा दिग्दर्शक रहस्यपटाकडे वळला, आणि वळला तो नवशिक्यासारखा चाचपडत नव्हे. त्या वर्षीचे उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक ‘पाठलाग’ने मिळवले. काशीनाथ घाणेकर, ज्यांना रंगभूमीवर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ मधील संभाजीने घराघरांत पोहोचवले होते, ते येथे नायक आहेत, आणि भावना यांची दुहेरी भूमिका आहे. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे, आणि नायिकेसाठी आवाज आशा भोसले यांचा.

या चित्रपटाची कळा पहिल्या अर्ध्या भागात विशेष खुलते. कृष्णधवल छायाचित्रणाला अंधाराचे वावडे नसते, उलट अंधार हे त्याचे भांडवल असते, आणि परांजपे यांनी ते भांडवल काटकसरीने वापरले आहे. रहस्यपट म्हटला की दारे करकरली पाहिजेत, मांजर आडवे गेले पाहिजे, वाद्यवृंदाने दर दोन मिनिटांनी दचकवले पाहिजे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. येथे तसला गोंगाट नाही. गाणी सुद्धा मध्येच आणून बसवलेली वाटत नाहीत. आशा भोसले यांचा स्वर एकदा कानी पडला की तो गेलेल्या पत्नीच्या आठवणीसारखा कथेच्या पाठीमागून चालत राहतो, आणि ‘पाठलाग’ या शीर्षकाचा खरा अर्थ पोलिसांच्या धावपळीपेक्षा या स्वरातच आहे असे वाटू लागते.

आता कथा. कायद्याच्या व्यवसायातला एक प्रतिष्ठित पुरुष. त्याची प्रिय पत्नी आजारपणात त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तिचे अंत्यसंस्कार तो स्वतः करतो. शोकाचे दिवस सरतात न सरतात तोच गुन्हेगारांच्या टोळीतली म्हणून पकडलेली एक स्त्री त्याच्यापुढे येते. ती हुबेहूब त्याच्या मृत पत्नीसारखी दिसते, आणि एवढेच नव्हे तर आपणच ती आहोत असे सांगते. पुरावा म्हणून ती ज्या गोष्टी बोलते, त्या नवरा-बायकोच्या एकांताखेरीज कोणास ठाऊक असणे शक्य नाही. आणि इकडे नवऱ्याने तर स्वतःच्या हातांनी चिता पेटवलेली!

ही परिस्थिती म्हणजे कथाकाराला लाभलेले घबाड आहे. पाहणाऱ्याच्या मनात येथे दोन पुरावे समोरासमोर उभे राहतात. एक डोळ्यांचा, की मी तिला मरताना पाहिले. दुसरा अंतःकरणाचा, की एवढे जाणणारी दुसरी कोण असणार? डोळ्यांवर विश्वास ठेवावा तर समोरची स्त्री ठक ठरते. अंतःकरणावर ठेवावा तर स्वतःचे डोळे खोटे ठरतात. आपण आपल्या माणसाला ओळखतो म्हणजे नेमके काय ओळखतो, हा प्रश्न इतक्या धारदारपणे मराठी पडद्यावर क्वचितच विचारला गेला असेल. ती स्त्री आपली ओळख पटवून देण्यासाठी जिवाच्या आकांताने एकेक खूण सांगते, आणि प्रत्येक खुणेसरशी तो अधिकच घाबरतो, कारण खूण जितकी खरी तितकी ती त्याला अधिक भयंकर वाटते. तमिळ शेजारीण रडली ती येथे. भाषेची गरज तेथे नव्हतीच.

आणि मग येते ती सैल गाठ. पत्नीला एक जुळी बहीण होती! बहीण गुन्हेगारांच्या संगतीत सापडलेली. ती आसऱ्याला आली, दोघींची अदलाबदल झाली, बहीण पत्नीच्या जागी मेली आणि पत्नी बहिणीच्या जागी पकडली गेली. झाला उलगडा. प्रेक्षक सुस्कारा सोडतो, पण तो सुस्कारा समाधानाचा आहे की निराशेचा, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही.

अशक्य काय काय आहे, याची यादी करणे सोपे आहे. इतक्या प्रेमळ संसारात, पत्नीला आपल्याच रूपाची एक बहीण आहे ही गोष्ट पतीच्या कानी कधी पडू नये? बहिणीने यावे, तिने घेरून यावे, पत्नीने त्याच सुमारास नाहीसे व्हावे आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकाच वेळी सारखीच चूक करावी, असा सगळा योग एका मुहूर्तावर जुळावा? हस्ताक्षर, अंगठ्याचा ठसा, माहेरची माणसे, सुईण, शाळेचा दाखला अशा साध्या वाटांनी एखाद्या कचेरीतला कारकूनही आठवडाभरात ज्या निर्णयापर्यंत पोहोचेल, तेथवर पोहोचायला कायद्यात मुरलेल्या माणसाला इतका काळ लागावा? अंगठ्याच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे कार्यालय आपल्याच देशात, कलकत्त्यास, १८९७ साली निघाले होते, आणि जुळ्या बहिणींचे चेहरे कितीही एक असले तरी त्यांचे ठसे एक नसतात.

परंतु या शंकांना आम्ही फारसे महत्त्व देत नाही. कलाकृतीचा न्याय चौकशी समितीच्या अहवालासारखा करायचा नसतो. चित्रपटाची नजर ठशांवर नाही, नवऱ्याच्या चेहऱ्यावर आहे, आणि ती तेथेच असावी. आमची हरकत आहे ती एकाच मुद्द्याला. जी स्त्री आपली ओळख सिद्ध करण्यासाठी प्राण कंठाशी आणून बोलते, ती ‘मला एक जुळी बहीण आहे’ हे एक वाक्य, जे तिला तत्क्षणी सोडवू शकले असते, तेवढेच नेमके शेवटपर्यंत पोटात का ठेवते? घराण्याची अब्रू म्हणा, बहिणीची माया म्हणा, कोणतेही कारण कल्पिले तरी ते त्या क्षणीच्या तिच्या आकांतापुढे तोकडे पडते. सरळ सांगायचे तर, ते वाक्य तिने लपवलेले नाही. कथाकाराने लपवले आहे. तिच्या तोंडावर हात ठेवून बसलेला कथाकार एकदा दिसला की नायिका दिसेनाशी होते.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘रहस्यपटात एवढे चालायचेच,’ असे म्हणणारे रसिक आमच्या बैठकीतही होते. त्यांचे म्हणणे असे की, तर्काचा काटा लावला तर कोणतीच अद्भुत कथा तगणार नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, पण अर्धाच. असंभाव्य गोष्ट कथेत चालते. प्रश्न आहे तो ती कोठे ठेवली आणि तिच्याकडून कोणते काम करून घेतले याचा.

उदाहरण खुद्द परांजपे यांचेच घ्या. ‘लाखाची गोष्ट’ मध्ये ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्चून दाखवण्याची जी अट आहे, ती ‘पाठलाग’मधल्या जुळ्या बहिणीहून कमी अशक्य नाही. १९५२ सालच्या मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाला तर लाख रुपये हीच मुळात कपोलकल्पना! तरीही त्या चित्रपटात कोणी शंका काढत नाही. कारण ती अट आरंभीच मांडलेली आहे. कथाकार जणू म्हणतो, एवढे एक गृहीत धरा, पुढचे सगळे मी तुम्हांला रीतसर सिद्ध करून दाखवतो. आरंभी येणारी असंभाव्यता हा प्रेक्षकाशी केलेला करार असतो. अखेरीस येणारी असंभाव्यता ही पळवाट असते. अॅरिस्टॉटलने अशक्य असूनही पटणारी गोष्ट ही शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा पत्करावी, असे म्हटले आहे. जुळी बहीण शक्य आहे, यात वाद नाही. जगात जुळी जन्मतात. पण येथे ती पटत नाही, आणि कलेच्या दरबारी जन्माचा दाखला हा पटण्याचा पुरावा होत नाही.

याहून मोठे उदाहरण आपल्या घरचेच आहे. पत्नी भरदरबारात पतीपुढे उभी आहे, आपली ओळख सांगते आहे आणि पती ती नाकारतो आहे, हा प्रसंग ‘पाठलाग’च्या कितीतरी शतके आधी कालिदासाने लिहिला. ‘शाकुंतला’चा पाचवा अंक तो हाच. महाभारतातल्या मूळ कथेत शाप नाही आणि अंगठीही नाही. तेथे राजा सर्व जाणून असतो आणि लोकापवादाच्या भयाने नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घातला. शाप ही जुळ्या बहिणीपेक्षाही असंभाव्य गोष्ट! पण कालिदासाने तो चौथ्या अंकाच्या तोंडाशीच आपल्या कानांवर घातला आहे. पाचव्या अंकात प्रेक्षक सर्व जाणतो, शकुंतला काही जाणत नाही आणि दुष्यंत तर काहीच जाणत नाही. म्हणून तेथे ‘पुढे काय निघणार’ ही उत्सुकता नसते. असते ती असह्य वेदना. शिवाय शाप केवळ बाहेरून आलेला नाही. पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे ऐकवून कवीने राजाच्या विसराळू प्रेमाची चुणूक दाखवून ठेवली आहे. दुर्वासाने केले ते एवढेच की, त्या स्वभावाला एक निमित्त दिले. आणि अंगठी सापडल्यावरही कालिदास घाई करत नाही. सहाव्या अंकात राजाला पश्चात्तापात होरपळू देतो, सातव्यात तिच्या पायांवर लोटांगण घालायला लावतो, आणि मगच पदरात पुनर्मीलन टाकतो.

‘पाठलाग’मध्ये उलगडा झाला की पश्चात्तापाला अवकाशच उरत नाही. आमच्या मते त्या गाठीचा हाच खरा दोष आहे, आणि तो तर्काचा नसून नीतीचा आहे. जुळी बहीण पुढे आली की नवरा सुटला! त्याने ओळखले नाही यात त्याचा अपराध तो काय? त्याने जी पाहिली ती खरोखरच मेली होती, आणि ती खरोखरच तिच्यासारखी होती. म्हणजे डोळ्यांचा पुरावाही खरा आणि अंतःकरणाचाही खरा. दोन्ही पक्ष जिंकले. ज्या प्रश्नाने आम्हांला दीड तास खुर्चीच्या कडेवर बसवले, तो प्रश्न सुटला नाही, रद्द झाला.

असे प्रश्न रद्द न होता उभे राहू शकतात, याची साक्ष प्रत्यक्ष जीवन देते. भाऊसाहेबांच्या तोतयाची हकिकत मराठी वाचकाला सांगायला नको. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी आपणच भाऊ असे म्हणणारा एक इसम उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात बंड माजवले, किल्ले घेतले आणि अखेर देहान्त शासन भोगले. न. चिं. केळकरांनी या विषयावर नाटकच लिहिले. त्या सगळ्या धामधुमीत आमचे लक्ष जाते ते पार्वतीबाईंकडे, ज्यांनी पतीच्या मृत्यूची वार्ता अखेरपर्यंत मनोमन मानली नाही आणि सौभाग्यचिन्हे टाकली नाहीत. दुसरी हकिकत बंगालची. भावालच्या संस्थानाचा मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगास वारला असे सर्वांनी मानले. १९२१ च्या सुमारास ढाक्याला आलेला एक संन्यासी तोच कुमार असल्याचे पुढे आले. १९३० मध्ये दावा दाखल झाला, हजाराहून अधिक साक्षीदार झाले, १९३६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. तीन न्यायालयांनी सांगितले की हा तोच, आणि त्याची पत्नी अखेरपर्यंत म्हणत राहिली की हा तो नव्हे. येथे जुळा भाऊ नाही, शाप नाही. आहे तो माणसांचा स्वार्थ, भय, अभिमान आणि स्मृती. कोणत्याही रहस्यकथेला लाजवील असे हे कथानक आहे, आणि त्यातला प्रश्न निकालानंतरही जिवंत आहे.

आम्ही ज्या शहराच्या वेशीवर राहतो, त्याच शहरात या कलेचा एक चांगला धडा तयार होऊन बसलेला आहे. १९५४ साली ए. व्ही. एम. यांनी काढलेला एस. बालचंदर यांचा ‘अंद नाळ’, म्हणजे ‘तो दिवस’, हा तमिळ चित्रपट. बालचंदर हे पुढे थोर वीणावादक म्हणून ख्यातनाम झाले, आणि या संगीतज्ञाने काढलेल्या चित्रपटात एकही गाणे नाही! ऑक्टोबर १९४३ मध्ये मद्रासवर जपानी बाँब पडले त्या दिवसांची पार्श्वभूमी. एका रेडिओ इंजिनियरचा खून होतो. शिवाजी गणेशन यांची ही भूमिका. शेजारी, भाऊ, भावजय, नर्तकी आणि पत्नी यांच्याभोवती संशय फिरतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यातून मृताचे वेगळे रूप दिसते. कुरोसावाच्या ‘राशोमोन’चा संस्कार त्यावर स्पष्ट आहे. अखेर कळते की पती शत्रूचा हेर होता, आणि त्याचा अंत पत्नीच्या हातून झाला. पंडरीबाईंनी ही पत्नी रंगवली आहे. हाही धक्काच आहे. पण तो बाहेरून आणलेला नाही. ज्या स्त्रीला आपण आरंभापासून पाहतो, तिच्याच स्वभावातून तो निघतो. ‘अंद नाळ’ पुन्हा पाहता येतो, कारण रहस्य कळल्यावर प्रत्येक प्रसंगाला नवा अर्थ येतो. ‘पाठलाग’ पुन्हा पाहताना मात्र रहस्य विसरून जावे लागते. चांगल्या आणि बऱ्या रहस्यपटांतला फरक आमच्या मते एवढाच आहे.

आणि तरीही प्रवास घडला तो ‘पाठलाग’ला! पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, एल. व्ही. प्रसाद यांनी तो तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ म्हणून आणला. के. आर. विजया यांची दुहेरी भूमिका, सोबत रविचंद्रन, आणि के. व्ही. महादेवन यांचे संगीत. १९६६ मध्ये राज खोसला यांनी तो हिंदीत ‘मेरा साया’ म्हणून रंगीत केला, उदयपूरच्या सरोवरकाठी नेला, साधना आणि सुनील दत्त यांना दिला, आणि मदन मोहन यांच्या संगीताने त्याला असे सजवले की पुष्कळांना मूळ मराठी होते याची गंधवार्ताही नाही. खोसला यांना जुळ्यांची आवड जुनीच. १९६४ मधल्या त्यांच्या ‘वो कौन थी’ च्या तळाशीही जुळीच बहीण होती, आणि तोही चित्रपट १९६६ मध्ये जयललिता यांना घेऊन ‘यार नी’ म्हणून तमिळमध्ये उतरला. प्रत्येक प्रवासात पोशाख उंची झाला. गाठ कोणी आवळली नाही.

असे का व्हावे? आम्हांस वाटते, युक्तीला मातृभाषा नसते म्हणून. ‘ऊन पाऊस’ मधले मास्तरांचे घर उचलून दुसरीकडे नेणे अवघड. तेथली भिंत, अंगण, बोलण्याची रीत सगळेच बरोबर न्यावे लागते. जुळी बहीण मात्र पेटीत घालून कोठेही पाठवावी. ती मराठी असते, तमिळ असते, हिंदी असते, आणि कोणाचीच नसते. बदल्यांच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांना हे सांगणे नलगे की, ज्या सामानाची बांधाबांध सर्वांत सोपी तेच सर्वांत मोलाचे असते असे नाही. पण युक्तीबरोबर त्या स्त्रीचा तो एक प्रश्नही गेला, हे विसरून चालणार नाही. तोच प्रश्न तमिळ शेजारणीने साठ वर्षे जपून ठेवला. युक्ती तिने तेव्हाच टाकून दिली होती.

त्या प्रश्नाविषयी आमचा एक अनुभव सांगून हा लेख आवरता घेतो. एरवी समीक्षेत स्वतःचे सांगू नये, हे आम्ही जाणतो, पण या चित्रपटाची हाक आम्हांला कोठे लागली हे त्यावाचून कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी असताना, आमच्या टेबलावर कुटुंब निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण आले. कर्मचारी मराठी, नोकरीत असतानाच वारलेला. सेवापुस्तिकेत पत्नीचे नाव एक, आणि बाईंनी जोडलेल्या शाळेच्या दाखल्यावर नाव दुसरे. आडनाव वेगळे, मधले नाव वेगळे आणि पहिलेही वेगळे. मराठी वाचकाला यात नवल नाही. लग्नात मुलीचे नाव बदलायचे, ताम्हनात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने त्यांत नवे नाव लिहायचे, ही आपली रीत आहे. तांदळांतले ते नाव शाळेच्या दाखल्यावर उमटत नाही, एवढेच. कचेरीत हे ठाऊक असलेले आम्ही एकटेच होतो. तरीही आम्ही हरकत लिहिली, कारण नियम तसा होता. प्रतिज्ञापत्र आणा, साक्षीदार आणा, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला आणा. महिने गेले. एके दिवशी बाई स्वतः आल्या. आवाज चढवला नाही. आमच्या टेबलापाशी उभ्या राहून मराठीत म्हणाल्या, “भाऊ, ती मी नव्हे म्हणता, तर मग ती आहे कुठे?”

आम्हांला उत्तर सुचले नाही. पुढे प्रकरण मार्गी लागले, पैसेही मिळाले. पण ते वाक्य फाइलीबरोबर बंद झाले नाही. ‘पाठलाग’मध्ये एका रूपाच्या दोन स्त्रिया होत्या. आमच्या फाइलीत दोन नावांची एक स्त्री होती. चित्रपटातल्या नवऱ्याला निदान खरोखर ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते, आणि आम्ही पुरावा मागत होतो. तेथे कोणतीही जुळी बहीण येऊन आम्हांला दोषमुक्त करणार नव्हती.

म्हणूनच त्या शेवटावर आमचा राग आहे. तो खोटा आहे म्हणून नव्हे. खोट्या शेवटांची आम्हांला सवय आहे. त्याने पाहणाऱ्याला फार स्वस्तात घरी पाठवले, म्हणून आहे. समोर उभे असलेले माणूस ‘मीच ती’ म्हणून सांगते आणि आपण कागद, डोळे, लौकिक, नियम यांच्या आड उभे राहून ऐकत राहतो, हे रोजचे आहे. ते दाखवण्याइतके सामर्थ्य ‘पाठलाग’च्या पूर्वार्धात आहे. ते शेवटास नेण्याची हिंमत उत्तरार्धात नाही.

सारांश, ‘पाठलाग’ हा पाहण्याजोगा चित्रपट आहे. दिग्दर्शकाची पकड, भावना यांचा अभिनय, घाणेकरांचे दबलेले दुःख आणि कानांत राहणारा आशा भोसले यांचा स्वर, एवढ्यासाठी तो पाहावाच. परठाण्यावरच्या आमच्या बंधुभगिनींनी तो मुलांना घेऊन पाहावा, जवळ कोणी तमिळ किंवा अन्य भाषिक शेजारी असतील तर त्यांनाही बोलवावे. शेवट पटला नाही तर खुशाल नावे ठेवावीत. मात्र ती स्त्री बोलू लागेल तेव्हा घरात कोणी बोलू नये. त्या दहा-पंधरा मिनिटांत मराठी चित्रपटाने जे साधले आहे, ते पुढच्या अर्ध्या तासाने गमावले, तरी पुसले गेलेले नाही.